‘कशात करणार?’ – कॉफी विकणाऱ्याने विचारायचा एक प्रश्न

काचेचे उभट भांडे, वर झाकण, झाकणातून खाली उतरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. कोणी याला प्लंजर म्हणतो, कोणी फ्रेंच प्रेस. एके काळी हे भांडे मोठ्या हॉटेलांत तेवढे दिसे. आता ते भांड्यांच्या साध्या दुकानात मिळते, लग्नाच्या आहेरात येते आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मंडळींच्या बॅगेतूनही निघते. घरात आले की दोन दिवस त्याचे कौतुक होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, ‘कॉफी कडू झाली’, दुसरे म्हणते, ‘तळाला गाळ बसला’, आणि भांडे फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. घर पुन्हा झटपट कॉफीच्या पाकिटाकडे वळते.

आमचे मत स्पष्ट आहे. यात दोष भांड्याचा नाही आणि करणाऱ्या गृहिणीचाही नाही. दोष पुडीचा आहे. पुडी देणाऱ्या दुकानदाराने एक प्रश्न विचारला असता तर हे भांडे रोज वापरात राहिले असते आणि त्या दुकानदाराला महिन्याचे पक्के गिऱ्हाईक मिळाले असते. तो प्रश्न म्हणजे, ‘कशात करणार?’

हा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात गिऱ्हाईकाची चव आहे आणि दुकानदाराची रोजीही आहे. म्हणून हे भांडे चालते कसे, त्याला कसली पूड लागते आणि घरी कॉफी कशी करावी, हे नीट पाहू.

भांडे काय करते

या भांड्याचा इतिहास जुना आहे. दांड्याने जाळी दाबून कॉफी गाळण्याचे पहिले पेटंट १८५२ साली फ्रान्समध्ये घेतले गेले. आज आपण जे भांडे वापरतो त्याच्या जवळ जाणारे पेटंट १९२९ साली इटलीतील मिलान शहराच्या कालिमानी यांनी घेतले. १९५८ मध्ये बोंदानीनी या दुसऱ्या इटालियनाने त्यात सुधारणा केली आणि ते भांडे फ्रान्समधील क्लॅरिनेट वाद्ये बनवणाऱ्या कारखान्यात तयार होऊ लागले. म्हणजे नाव फ्रेंच, पण घडवण्यात इटलीच्या हुन्नराचा वाटा मोठा.

काम अगदी साधे आहे. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरमध्ये पाणी पुडीच्या थरातून हळूहळू खाली झिरपते. प्लंजरमध्ये पूड आणि पाणी चार-पाच मिनिटे एकत्र मुरतात आणि मग जाळी पूड खाली अडवून धरते. पूड सगळा वेळ पाण्यातच असते, म्हणून ती फार बारीक असून चालत नाही. बारीक पुडीतून कडवटपणा लवकर उतरतो, आणि ती जाळीच्या भोकांतून निसटून कपातही येते.

कॉफीच्या दाण्याच्या वजनाचा साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. त्यातला १८ ते २२ टक्के उतरला तर चव छान येते. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. फार जास्त उतरला तर ती कडू आणि तुरट होते. दळण, पाण्याची उष्णता आणि वेळ या तीन गोष्टी सांभाळायच्या त्या एवढ्यासाठीच.

पुडीत काय असते

आपल्याकडे बाजारात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून जी पूड मिळते तिच्यात बहुधा चिकोरी असते. चिकोरी हे एका झाडाचे मूळ आहे. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. यात लपवाछपवी नाही आणि बेकायदाही काही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि किती टक्के कॉफी, किती टक्के चिकोरी हे पाकिटावर छापले पाहिजे. पण पाकिटावरची ती ओळ वाचतो कोण? शंभरातली एकोणपन्नास चिकोरी असली तरी गिऱ्हाईक ती कॉफी म्हणूनच घेऊन जाते.

दूध-साखरेच्या घट्ट कॉफीत चिकोरी शोभते. तिचा रंग गडद असतो, चवीला जडपणा येतो आणि भावही उतरतो. प्लंजरमध्ये मात्र ती घात करते. चिकोरीचा मोठा भाग पाण्यात विरघळतो आणि उरलेला लगद्यासारखा फुगतो. तो लगदा जाळीत अडकतो. मग दांडा दाबताना जोर लावावा लागतो आणि कपात काळे, गोडसर-कडू, गढूळ पाणी येते. त्यात ही पूड फिल्टरसाठी दळलेली, म्हणजे बारीक. एकाच पुडीत दोन चुका झाल्या. असे मिश्रण प्लंजरसाठी विकणे म्हणजे शिवणाच्या मशीनला सुतळी लावून देण्यासारखे आहे.

प्लंजरला हवी शुद्ध कॉफी, तीही जाडसर दळलेली. किती जाड? आपल्या घरातला जाड रवा डोळ्यांपुढे आणा. चिमटीत धरली की कण वेगवेगळे लागले पाहिजेत. बोटाला पिठासारखी चिकटली तर ती पूड या भांड्याची नाही.

दाणा कोणता घ्यावा

कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका सुगंधी आणि किंचित आंबटसर. रोबस्टा कडक, जड आणि कॅफिन जास्त असलेली. भारतात आज रोबस्टाचे पीक जास्त निघते. नुसती काळी कॉफी पिणाऱ्याने प्लंजरसाठी अरेबिका घ्यावी. दूध घालणाऱ्याने अरेबिकात थोडी रोबस्टा मिसळून घेतली तर दुधातही चव टिकते.

हा माल कुठून दूरदेशाहून आणायचा नाही. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आपल्या शेजारच्या कर्नाटकात पिकते आणि उरलेली मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूत. कर्नाटकातल्या चिकमगळूरचे डोंगर तर या पिकाचे भारतातले मूळ घर मानले जाते. परंपरा अशी सांगते की बाबा बुदन या सूफी बुजुर्गांनी सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनच्या बंदरातून कॉफीचे सात दाणे आणले आणि ते या डोंगरांत पेरले. त्या काळी येमेनचे व्यापारी उगवणारा दाणा बाहेर जाऊ देत नसत. आज त्या डोंगराला बाबाबुदनगिरी म्हणतात, आणि २०१९ साली तिथल्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या पेयाला आपले बुजुर्ग कहवा म्हणत आले त्याचा चांगला दाणा आपल्या शेजारी पिकत असताना आपण चिकोरीच्या पुडीवर समाधान मानावे, हे काही बरे नाही.

एक जुनी अडचण आता राहिलेली नाही, हेही व्यापारी बंधूंनी लक्षात घ्यावे. पूर्वी बागायतदाराला आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे आणि बोर्डाच्या लिलावातून ती बाजारात येई. १९९२ पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ साली सर्व बागायतदारांना आपला माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. आज छोटा दुकानदारही बागायतदाराकडून किंवा भाजणाऱ्याकडून सरळ माल घेऊ शकतो.

आखाती देशांत राहून आलेल्यांसाठी एक खुलासा. तिथे पाहुण्याला जो फिक्या रंगाचा, वेलची घातलेला कहवा देतात तो हलका भाजलेल्या दाण्याचा असतो आणि उकळून करतात. त्याची पद्धत वेगळी, भांडेही वेगळे. ती पूड प्लंजरमध्ये घालून तीच चव येण्याची अपेक्षा करू नये.

घरी कशी करावी

आता कृती. ही एकदा नीट जमली की रोजचे काम दहा मिनिटांचे आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात.

पहिली गोष्ट, माप. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड, हे प्रमाण पाठ करावे. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम, पाव लिटरला १५ ग्रॅम. भांड्यावर ‘आठ कप’ असे लिहिलेले असते त्याला फसू नये. तो कप कारखान्याचा, सुमारे १२५ मिलिलिटरचा. आठ कपांचे भांडे म्हणजे एक लिटर. आपल्या घरच्या मोठ्या मगात ओतले तर चार माणसांनाही ते जेमतेम पुरते. काटा असेल तर वजन करावे. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता महाग राहिलेला नाही. काटा नसेल तर एक सपाट मोठा चमचा जाड पूड साधारण पाच ग्रॅम धरावी.

दुसरी गोष्ट, पाणी. पाणी ताजे घ्यावे, पुन्हा पुन्हा उकळलेले नको. बोअरचे फार जड पाणी असेल तर कॉफी बेचव लागते. यंत्राने सगळे क्षार काढून टाकलेले पाणीही चव धरत नाही. नळाचे पिण्याचे पाणी नुसते गाळून घेतलेले उत्तम. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. तोवर ते ९२ ते ९६ अंशांच्या आसपास येते, आणि तेवढेच हवे. पातेल्यातून ओतताना पाणी आणखी निवते, म्हणून पातेल्याने ओतणाऱ्याने फार थांबू नये. आधी थोडे गरम पाणी भांड्यात फिरवून फेकून द्यावे. थंड काच अर्धी उष्णता खाऊन टाकते.

तिसरी गोष्ट, मुरवणे. भांड्यात पूड घालावी, त्यावर सगळे पाणी एकदम ओतावे आणि कोरडी पूड कुठे राहिली नाही हे पाहावे. ताजी कॉफी असेल तर वर फेसाळ साय धरते. भाजलेल्या दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडतो, त्याची ती खूण. फेस आला नाही तर समजावे की पूड जुनी आहे. आता चार मिनिटे मोबाइलच्या घड्याळावर लावावीत आणि भांड्याला हात लावू नये.

चौथी गोष्ट, ढवळणे. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने हलकेच मोडावा. बरीचशी पूड आपोआप तळाला जाते. वर राहिलेला फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाकावेत. ही अर्ध्या मिनिटाची मेहनत बरेच जण टाळतात, पण गाळ कमी होतो तो इथेच.

पाचवी गोष्ट, दाबणे. झाकण लावून जाळी पाण्याला टेकेल एवढीच खाली न्यावी. घाई नसेल तर आणखी चार-पाच मिनिटे थांबावे, म्हणजे बारीक कण तळाशी बसतात. मग दांडा अगदी सावकाश दाबावा. शेवटचा इंचभर दाबलाच पाहिजे असे नाही. पूड पिळून काढली तर गाळ पुन्हा वर येतो. दांडा सहज खाली जात नसेल तर दळण बारीक आहे असे समजावे आणि जोर लावू नये. अशा वेळी काच फुटून किंवा गरम पाणी उसळून हात भाजतो. दांडा काहीच अडथळा न होता खाली गेला तर दळण गरजेपेक्षा जाड आहे. म्हणजे दाबताना हाताला जे लागते ते पुढच्या वेळच्या दळणाची सूचनाच असते.

सहावी गोष्ट, ओतणे. कॉफी तयार झाली की सगळी एकदम कपांत किंवा थर्मासमध्ये ओतून घ्यावी. भांड्यातच ठेवली तर ती पुडीवर मुरतच राहते आणि दुसरा कप कडू होतो. तळाचे शेवटचे दोन घोट सोडून द्यावेत.

सातवी गोष्ट, धुणे. जाळीचे भाग आट्यांवर बसवलेले असतात. ते सोडवून साबणाने धुवावेत. कॉफीत तेल असते. ते जाळीत राहिले तर खवट होते आणि दुसऱ्या दिवशीची कॉफी बिघडवते. चोथा बेसिनमध्ये टाकू नये, नळी तुंबते. तो कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकावा.

दळणाचे गुपित

या सगळ्यात मोठा फरक कशाने पडत असेल तर तो ताज्या दळणाने. भाजलेला अख्खा दाणा हवाबंद डब्यात काही आठवडे सुगंध धरून ठेवतो. तोच दाणा दळला की त्याचा वास काही दिवसांतच उडतो. म्हणून शक्य असेल त्याने दाणा घ्यावा आणि रोजच्या रोज दळावा. डबा गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नये. फ्रिजमध्येही ठेवू नये, तिथे ओल धरते आणि इतर पदार्थांचा वास लागतो.

दळायचे साधन दोन प्रकारचे असते. एकात दोन खाचदार तोंडांमध्ये दाणा भरडला जातो, जसा जात्यात. दुसऱ्यात पाते फिरते, जसे मिक्सरमध्ये. जाते दळते आणि पाते चिरते. जात्याच्या तत्त्वावर चालणारे हाताचे छोटे यंत्र घेतले तर कण सारखे निघतात. घरात फक्त मिक्सर असेल तरी हरकत नाही. सुक्या भांड्यात दाणे घालून दोन-दोन सेकंद थांबून थांबून फिरवावे आणि नंतर पिठाच्या चाळणीने चाळावे. खाली पडलेली बारीक धूळ दुधाच्या कॉफीसाठी ठेवावी आणि चाळणीत राहिलेली जाड पूड प्लंजरला घ्यावी. एवढ्याने फरक पडतो तो पहिल्याच घोटाला कळतो.

ज्यांना दूध-साखर हवी

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरात कॉफी म्हणजे अर्धे दूध आणि दोन चमचे साखर असेच समीकरण आहे, त्या घराने प्लंजर घेऊ नये. त्यांच्यासाठी पितळी किंवा स्टीलचा दक्षिणी फिल्टरच योग्य. त्यातला घट्ट अर्क दुधाला पुरून उरतो. प्लंजरची कॉफी मुळात पातळ असते, ती अर्ध्या दुधात हरवून जाते. तरीही दूध घालायचेच असेल तर अर्ध्या लिटरला ३० ऐवजी ४० ते ४५ ग्रॅम पूड घ्यावी आणि गरम दूध वेगळे करून वरून थोडेसे घालावे. तयार कॉफी दुधात घालून उकळू नये.

दुकानदारानेही हा सल्ला गिऱ्हाईकाला द्यावा, मग एखादे भांडे कमी विकले गेले तरी चालेल. नको ते भांडे गळ्यात मारून झालेला नफा एकदाच होतो. खरा सल्ला दिलेले गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते.

प्रकृतीबाबतही एक शब्द. कॉफीच्या तेलात काही द्रव्ये असतात, ती रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदाच्या गाळणीत ती अडकतात, धातूच्या जाळीतून मात्र कपात येतात. युरोपातल्या संशोधकांनी हे १९८० आणि १९९० च्या दशकांत दाखवून दिले आहे. दिवसाला एखाद-दुसरा कप पिणाऱ्या धडधाकट माणसाने घाबरण्याचे कारण नाही. पण ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितले आहे त्यांनी प्लंजरची कॉफी कागदातून गाळून घ्यावी किंवा डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

खर्चाचा हिशेब

कॉफी महाग झाली आहे, हे खरे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिकाच्या भावाने १९७७ सालचा जुना उच्चांक मोडला. ब्राझील आणि व्हिएतनाम या दोन मोठ्या उत्पादक देशांतल्या दुष्काळाची झळ आपल्या पुडीलाही लागली. भाव असा चढला की मिश्रणातली चिकोरी वाढवण्याचा मोह होतो, आणि गिऱ्हाईकही स्वस्त पाकिटाकडे वळते.

तरी हिशेब मांडून पाहा. समजा, भाजलेल्या शुद्ध अरेबिका दाण्याचा भाव किलोला १,२०० रुपये धरला. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम म्हणजे ३६ रुपयांची कॉफी. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ६० मिलिलिटर गेले. उरले ४४० मिलिलिटर, म्हणजे मध्यम आकाराचे तीन कप. कपाला १२ रुपये पडले. असा एक कप काचेच्या दारामागच्या कॅफेत काय भावाने मिळतो ते वाचकांना ठाऊक आहे. कॅफेवाल्याच्या बिलात त्याचे भाडे असते, पगार असतो, वीज असते. दाण्याचा खर्च त्यात थोडाच.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. रोज अर्धा लिटर कॉफी करणाऱ्या घराला महिन्याला ९०० ग्रॅम दाणा लागतो. मोहल्ल्यात अशी २० घरे बांधली गेली तर महिन्याला १८ किलोचा खप झाला. हा खप वर्षभर चालतो. गिऱ्हाईक ताज्या मालासाठी दर आठ-दहा दिवसांनी दुकानात येते, आणि आल्यावर साखर, बिस्किटे, मसाला असे दुसरे काही घेतल्याशिवाय जात नाही.

दुकानदाराने काय करावे

किराणा आणि मसाल्याचे बरेच दुकानदार आज तयार पाकिटांचे हमाल झाले आहेत. कंपनीचे पाकीट फळीवर ठेवायचे आणि ठरलेल्या दोन-चार टक्क्यांवर विकायचे. तेच पाकीट मॉलमध्ये स्वस्त मिळते आणि मोबाइलवर घरपोच येते. अशा मालावर छोटा दुकानदार कधीच जिंकणार नाही. जिंकायचे असेल तर मोठ्यांना जे जमत नाही ते दिले पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईकासमोर दळून दिलेला ताजा माल आणि विचारून दिलेला सल्ला.

दुकानात बाई येते आणि म्हणते, ‘चाचा, पाव किलो कॉफी द्या.’ चाचांनी पाकीट काढून देण्याआधी विचारावे, ‘कशात करणार, बेटी?’ ती ‘फिल्टरमध्ये’ म्हणाली तर बारीक दळून द्यावी. ‘काचेच्या त्या भांड्यात, दांडा दाबून’ म्हणाली तर शुद्ध आणि जाडसर. ‘दुधात उकळून’ म्हणाली तर चिकोरीचे मिश्रण तिला चालेल, पण किती टक्के ते तोंडाने सांगावे. तीन उत्तरांना तीन पुड्या. यात भांडवल फारसे नाही, लक्ष मात्र हवे.

काही पथ्ये आहेत. कॉफीच्या चक्कीत मसाला कधीही दळू नये. धण्या-मिरच्यांचा वास आठवडाभर जात नाही. चिकोरीची आणि शुद्ध कॉफीची दळणे एका पाठोपाठ करायची तर मधे मूठभर दाणे दळून चक्की साफ करून घ्यावी आणि ती पूड मिश्रणात टाकावी. पुडीवर दाणा भाजल्याची तारीख पेनाने लिहावी. जास्त माल भरून ठेवू नये, दोन-तीन आठवड्यांचा खप पाहून मागवावा. पुढे मागे स्वतः भाजण्याचा विचार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की किलोभर कच्चा दाणा भाजला की ८२० ते ८५० ग्रॅमच भरतो. ही घट भावात धरली नाही तर वर्षअखेरीस हिशेब बसत नाही.

भांडी विकणाऱ्यांनाही यात काम आहे. प्लंजर बंद पडतो तो दोनच कारणांनी. काच फुटते किंवा जाळीची कड वाकते. सुटी काच आणि सुटी जाळी दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक नव्या भांड्यासाठी दुसरीकडे जाणार नाही. जाळी आट्यांवर बसते, ती बदलून देणे पाच मिनिटांचे काम. आपल्या शिवणकाम करणाऱ्या बंधू-भगिनींनीही इकडे पाहावे. काचेचे भांडे लवकर निवते. त्याला बसेल असे कापूस भरलेले, टाके घातलेले जाड आवरण शिवून दिले तर कॉफी गरम राहते, आणि चिंध्यांतून चार पैसे सुटतात.

‘गिऱ्हाईकाला कुठे कळते?’

या सगळ्यावर एक ठरलेला आक्षेप येतो. ‘गिऱ्हाईकाला कुठे कळते? साखर घालूनच पिणार. मग शुद्ध काय आणि मिश्रण काय?’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराने विचार करावा. गिऱ्हाईकाला चिकोरीचे टक्के कळत नसतील, पण कॉफी बरी झाली नाही हे कळते. तो भांडायला येत नाही. कोणाकडे तक्रार करत नाही. तो फक्त पुन्हा येत नाही. आपल्या कितीतरी धंद्यांत गिऱ्हाईक असेच गुपचूप गेले आहे आणि आपण मंदीला दोष देत बसलो आहोत.

दुसरा आक्षेप असा की विचारत बसायला वेळ कुठे आहे. वेळ लागतो तो पहिल्या खेपेला. पुढच्या खेपेला दुकानदाराला आठवते की या घरी काचेचे भांडे आहे आणि त्या घरी पितळी फिल्टर. आपले जुने शिंपी गिऱ्हाईकाचे माप डोक्यात ठेवत, अत्तरवाले कोणाला कोणता वास आवडतो ते लक्षात ठेवत. त्यांना कोणी व्यवस्थापनाचे धडे दिले नव्हते. तीच सवय कॉफीच्या काउंटरवर आणायची आहे.

वाचकांसाठी सांगणे एवढेच. घरातले भांडे वरच्या कप्प्यातून खाली काढा. या आठवड्यात शुद्ध दाणा घ्या, १०० ग्रॅमच घ्या, आणि तो जाडसर दळून मागा. ६० ग्रॅमला एक लिटर, चार मिनिटे, सावकाश दाब. तुमच्या दुकानदाराला जाडसर दळण म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर त्याला जाड रवा दाखवा. तोही शिकेल. आणि व्यापारी बंधूंनो, उद्या दुकानात कॉफी मागायला कोणी आले की पाकिटाकडे हात जाण्याआधी तो एक प्रश्न विचारून पाहा.